‘जर–तर’चे प्रश्न पुन्हा पुन्हा का चुकतात? विधी प्रवेश परीक्षेतील एका चिवट चुकीचे निदान आणि दुरुस्ती

सांगलीत कोर्टाचे काम आटोपल्यावर संध्याकाळी मी विधी प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या काही मुलांना तर्काचे प्रश्न शिकवतो. मिरज, तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ अशा गावांतून येणारी ही मुले कष्टाळू असतात, तरीही एक तक्रार दर वर्षी न चुकता कानावर येते. सराव परीक्षा दहा दिल्या, वीस दिल्या. इंग्रजी सुधारले, चालू घडामोडी सुधारल्या, आकडेमोडीचा वेगही वाढला. मात्र ‘अमुक असेल तर तमुक’ या घाटाच्या प्रश्नांतली चूक जिथल्या तिथे राहिली. उत्तरसूची पाहिली की उत्तर लगेच पटते, मूल मान डोलावून पुढे जाते आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक वेगळ्या उताऱ्यावर करते. सरावाने न जाणारी चूक बहुधा समजुतीतली असते, आणि ती समजूत नेमकी कोणती हे शोधल्याखेरीज आणखी वीस सराव परीक्षा देण्यात अर्थ नाही.

परीक्षांविषयी थोडे आधीच सांगतो, कारण कोणत्या परीक्षेत हे प्रश्न कुठे दडलेले असतात याबद्दल गैरसमज आहेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी होणाऱ्या क्लॅटमध्ये २०२० पासून सर्व प्रश्न उताऱ्यांवर आधारलेले असतात आणि डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या परीक्षेपासून दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे असतात. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. तिथे जर–तरची विधाने तर्काच्या विभागात येतात आणि कायद्याच्या विभागातही येतात, कारण उताऱ्यात दिलेला कायद्याचा नियम हेच मुळात एक जर–तरचे विधान असते. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून होणाऱ्या विधी सीईटीत गुण वजा होत नाहीत आणि प्रश्न मराठीतही वाचता येतात. परदेशी विद्यापीठांसाठी एलसॅट देणाऱ्यांनी ऑगस्ट २०२४ पासून त्या परीक्षेतून ‘लॉजिक गेम्स’ हा विभाग गेल्याचे ऐकलेले असते, आणि त्यावरून काहींनी जर–तरचा अभ्यासच सोडून दिला. हा निष्कर्ष चुकीचा आहे. आता गुण मोजल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन तर्काचे आहेत आणि या विधानांचा वावर त्यांतही आहे.

दुखणे नेमके कुठे आहे, ते आधी पाहावे

आपण चुकवलेले शेवटचे वीस प्रश्न काढावेत. उत्तरसूची झाकून ठेवावी आणि प्रत्येक प्रश्नातला नियम ‘ज्या वेळी … असेल, त्या वेळी … असणारच’ या एकाच साच्यात, स्वतःच्या मराठीत, वहीवर लिहावा. पर्याय अजिबात वाचू नयेत. मग लिहिलेले वाक्य मूळ उताऱ्याशी ताडून पाहावे, शक्य तर दुसऱ्याकडून ताडून घ्यावे.

वाक्यच चुकले असेल, तर दुखणे शब्दांचे आहे: ‘ओन्ली इफ’, ‘अनलेस’, ‘विदाउट’, ‘नो … अनटिल’ यांसारखे शब्द वाचताना नियम डोक्यात उलटा उतरतो. वाक्य बरोबर असूनही उत्तर चुकले असेल, तर दुखणे दिशेचे आहे: नियम कळला, पण त्यावरून जे निघत नाही ते काढले गेले. तिसरा प्रकार कमी आढळतो. नियमही बरोबर, दिशाही बरोबर, पण प्रश्नाने ‘खरे असलेच पाहिजे’ असे विचारलेले असताना ‘खरे असू शकते’ असा पर्याय निवडलेला. हा तिसरा प्रकार घाईचा आहे. प्रश्नातले ते दोन शब्द अधोरेखित करण्याची सवय लावली की तो बहुतेकदा जातो, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

दिशेची चूक किती सार्वत्रिक आहे, हे कळावे म्हणून एक जुना प्रयोग सांगतो. १९६६ मध्ये पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने एक कोडे मांडले. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक आहे. वरच्या बाजूला एक स्वर, एक व्यंजन, एक सम अंक आणि एक विषम अंक दिसतो. नियम असा की, एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. हा नियम पाळला गेला आहे की नाही, हे तपासण्यासाठी कोणते पत्ते उलटावे लागतील? बहुतेक जण स्वर आणि सम अंक उलटतात. बरोबर उत्तर स्वर आणि विषम अंक हे आहे. सम अंकामागे काहीही निघाले तरी नियम मोडत नाही, पण विषम अंकामागे स्वर निघाला तर तो मोडतो. अशा अमूर्त रूपात हे कोडे बरोबर सोडवणारे फार थोडे निघतात.

आता हेच कोडे आपल्या एसटीत बसवून पाहा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे. मोफत प्रवासाचा एवढा एकच नियम आहे असे उदाहरणापुरते धरा, म्हणजे शून्य रकमेचे तिकीट असेल तर वय ७५ च्या वर असलेच पाहिजे. सांगली–तासगाव गाडीत तपासनीस चढला. एकाकडे शून्य रकमेचे तिकीट आहे, वय माहीत नाही. एकाकडे पूर्ण तिकीट आहे, वय माहीत नाही. एक ऐंशी वर्षांचे आजोबा आहेत आणि एक पन्नाशीचा गृहस्थ आहे. या दोघांचे तिकीट अजून पाहिलेले नाही. तपासनीस कोणाला हटकेल? शून्य तिकीटवाल्याचे वय विचारेल आणि पन्नाशीच्या गृहस्थाचे तिकीट पाहील. आजोबांनी हौसेने पूर्ण तिकीट काढले असले तरी नियम मोडत नाही, म्हणून त्यांना तो त्रास देणार नाही. माझ्या वर्गात हे उत्तर न चुकता येते, तेही पत्त्यांचे कोडे दहा मिनिटांपूर्वीच चुकवलेल्या मुलांकडून. १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स या संशोधकांनी दारू पिण्याच्या किमान वयाचा नियम घेऊन हेच दाखवून दिले होते: ओळखीच्या नियमाच्या रूपात विचारले, की बहुतेकांना तेच कोडे सुटते. म्हणजे तर्क आपल्याला येतो. तो अनोळखी शब्दांत मांडला की हातातून निसटतो.

‘तर’ म्हटले की ‘तरच’ ऐकू येते

चुकीचे मूळ माझ्या मते रोजच्या बोलण्यात आहे. ‘अभ्यास केलास तर मोबाइल देईन,’ असे आई म्हणते तेव्हा अभ्यास न केल्यास मोबाइल मिळणार नाही, हेही तिला म्हणायचे असते आणि मुलालाही ते कळते. आईने ‘तर’ म्हटले, मुलाने ‘तरच’ ऐकले, आणि व्यवहारात दोघेही बरोबर. परीक्षेत मात्र ‘तर’ म्हणजे फक्त ‘तर’. जे लिहिले नाही ते गृहीत धरण्याची ही घरगुती सवयच आपले गुण खाते.

सांगलीकरांना या चुकीचे मोठे उदाहरण दर पावसाळ्यात भेटते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. ‘कोयनेतून मोठा विसर्ग झाला तर सांगलीत पाणी चढते,’ हे विधान क्षणभर बिनचूक धरा. पुलाजवळ पाणी चढलेले दिसताच कट्ट्यावरचा माणूस म्हणतो, ‘कोयनेतून सोडले वाटते.’ हे अनुमान त्या विधानातून निघत नाही. पाणलोटात जोराचा पाऊस झाला असेल, हरिपूरजवळ कृष्णेला मिळणारी वारणा फुगून तिची फूग इकडे आली असेल, किंवा दोन्ही झाले असेल. ‘कोयनेतून विसर्ग नाही, म्हणजे पाणी चढणार नाही,’ हेही तितकेच चुकीचे. विधानातून खात्रीने एवढेच निघते: पाणी चढले नसेल, तर कोयनेतून मोठा विसर्ग झालेला नाही.

दहावीच्या भूमितीत ‘व्यत्यास’, म्हणजे उलटे फिरवलेले विधान, शिकलेला असतो, तो इथे आठवावा. दोन कोन परस्परांचे विरुद्ध कोन असतील तर ते एकरूप असतात; पण एकरूप असलेले कोणतेही दोन कोन विरुद्ध कोन असतातच असे नाही. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास खरा निघतो, पण तो वेगळा सिद्ध करावा लागतो. परीक्षेत तो सिद्ध करून कोणी दिलेला नसतो. कट्ट्यावरची ती दोन अनुमाने वरवर वेगळी दिसतात, म्हणून मुले त्या दोन चुका समजतात. प्रत्यक्षात ती एकाच चुकीची दोन रूपे आहेत, कारण त्यांतले एक खरे धरले की दुसरे आपोआप खरे धरावे लागते.

हा भेद आपल्याकडच्या न्यायशास्त्राने, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्राने, फार स्वच्छ मांडलेला आहे, आणि सातारा जिल्ह्यातली वाई शेजारी असताना तो परकीय पुस्तकांतूनच शिकावा लागावा याचे मला थोडे वाईट वाटते. ज्यांच्या नावाआधी ‘तर्कतीर्थ’ ही पदवी कायमची जडली ते लक्ष्मणशास्त्री जोशी तिथल्याच प्राज्ञपाठशाळेचे विद्यार्थी. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती, म्हणजे न चुकणारी जोड, झाली. जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, जसे पाण्याचा डोह, हा तिचा व्यतिरेक. आणि तो मान्य आहे. पण जिथे अग्नी तिथे धूर, असे मात्र म्हणता येत नाही. त्यासाठी शास्त्रकारांनी तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण दिले: त्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओले सरपण लागते. कोणत्याही विधानाची उलटी बाजू खरी वाटू लागली की ‘इथे लोखंडाचा गोळा कोणता?’ असे विचारावे. एक जरी गोळा सापडला तरी तो पर्याय बाद.

लागते की पुरते?

आता शब्दांच्या दुखण्याकडे वळू. त्यावरचा माझा मुख्य उपाय मराठीतल्या दोन साध्या क्रियापदांवर उभा आहे. कोणतीही अट समोर आली की विचारावे: ही गोष्ट ‘लागते’ की ‘पुरते’? भाकरीला पीठ लागते. नुसत्या पिठाने भाकरी होत नाही. दिवाणखाना उजळायला एक दिवा पुरतो. पण तोच दिवा लागतो असे नाही, खिडकी उघडूनही उजेड येतो. गणिताच्या पुस्तकात यांना आवश्यक अट आणि पुरेशी अट म्हणतात. ही नावे परीक्षेच्या घाईत आठवत नाहीत, ‘लागते–पुरते’ आठवते.

नियम वहीत बाणाने मांडावा, आणि बाण नेहमी पुरणाऱ्या गोष्टीकडून लागणाऱ्या गोष्टीकडे काढावा: भाकरी → पीठ. भाकरी दिसली तर पीठ होते हे सांगायला भाकरी पुरेशी आहे. इथेच बहुतेक जण अडखळतात, कारण व्यवहारात पीठ आधी आणि भाकरी नंतर. बाण काळाचा क्रम दाखवत नाही, कारणही दाखवत नाही; कशावरून काय खात्रीने सांगता येते, एवढेच तो दाखवतो. हे एकदा नीट बसले की निम्मे दुखणे गेले असे समजावे.

मराठीचा ‘च’ या कामात मोठा आधार आहे. ‘पाऊस थांबला तर सामना होईल’: पाऊस थांबणे पुरते. ‘पाऊस थांबला तरच सामना होईल’: पाऊस थांबणे लागते, आणि सामना होईलच अशी हमी नाही, मैदान चिखलाने भरलेले असू शकते. एका अक्षराने बाण फिरला. इंग्रजीत हेच काम ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यांच्यात होते, पण तिथे ‘इफ’ हा शब्द दोन्हीकडे दिसत असल्याने घाईत वाचणारा ‘ओन्ली’ गिळून टाकतो. म्हणून इंग्रजी वाक्य वाचताना मनातल्या मनात मराठी करावे आणि ‘च’ कुठे बसतो ते पाहावे. ‘फक्त पदवीधरांनाच तीन वर्षांच्या एलएलबीला प्रवेश मिळतो’: ‘च’ पदवीधरांना चिकटला, म्हणजे पदवी लागते. प्रवेश → पदवी. ‘प्रत्येक पदवीधराला प्रवेश मिळतो’ असे त्यातून निघत नाही. तसे असते तर सीईटीची गरजच उरली नसती.

‘की’ने जोडलेली वाक्ये पुरण्याची असतात: ‘घंटा वाजली की वर्ग सुटतो.’ ‘शिवाय … नाही’ आणि ‘जोपर्यंत … नाही तोपर्यंत … नाही’ ही वाक्ये लागण्याची असतात: ‘ओळखपत्राशिवाय केंद्रात प्रवेश नाही’ म्हणजे प्रवेशाला ओळखपत्र लागते, प्रवेश → ओळखपत्र. ‘तरी’ मात्र फसवा आहे. ‘पाऊस पडला तरी सामना होईल’ यात अट नाहीच. सामना दोन्ही परिस्थितींत होणार आहे. इंग्रजीतल्या ‘इव्हन इफ’चे हेच आहे, आणि त्याला बाण लावत बसणारी मुले मी पाहिली आहेत.

सर्वांत जास्त गुण जातात ते ‘अनलेस’मध्ये. त्यासाठी पाठ करायची एकच ओळ: ‘अनलेस’च्या जागी ‘नसेल तर’ ठेवावे. ‘अनलेस’नंतरची गोष्ट नसेल, तर दुसरी गोष्ट असणारच. ‘सामना होईल, अनलेस पाऊस पडला’ हे वाक्य घ्या. ‘पाऊस पडला नाही तर सामना होईल,’ एवढेच त्या वाक्याने सांगितले. पाऊस पडला तर काय, याविषयी ते गप्प आहे. आपले कान इथे ‘पडला तर होणार नाही’ हे स्वतःहून जोडतात. पुन्हा तीच आईची आणि मोबाइलची गोष्ट.

संविधानातले एक कलम मी यासाठी नेहमी फळ्यावर लिहितो. अनुच्छेद ५८ च्या पहिल्या खंडाची रचना नेमकी अशीच आहे: कोणतीही व्यक्ती भारताची नागरिक असल्याशिवाय, तिने वयाची पस्तीस वर्षे पूर्ण केलेली असल्याशिवाय आणि ती लोकसभेवर निवडून येण्यास पात्र असल्याशिवाय राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीस पात्र ठरत नाही. म्हणजे तिन्ही गोष्टी लागतात. पात्र → नागरिक आणि पस्तीस पूर्ण आणि लोकसभेसाठी पात्र. आता विचारतो: एखाद्या व्यक्तीजवळ या तिन्ही गोष्टी आहेत, ती पात्र आहे का? वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. मग त्याच अनुच्छेदाचा दुसरा खंड वाचून दाखवतो: शासनाच्या अखत्यारीतले लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती पात्र नसते. तिन्ही अटी पूर्ण करणारा सरकारी नोकर हा इथला लोखंडाचा गोळा झाला. लागणाऱ्या गोष्टी कितीही जमवल्या, तरी त्या पुरतातच असे नाही.

याच कलमावर ‘आणि’चा नकारही शिकवता येतो. बाण उलटा फिरवून दोन्ही टोकांना ‘नाही’ लावायचे असते. याला इंग्रजीत कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतात, आमच्या वर्गात ‘उलटा नकार’ म्हणतात. तसे करताना ‘आणि’चे ‘किंवा’ होते, ‘किंवा’चे ‘आणि’ होते. नागरिक नसेल, किंवा पस्तीस पूर्ण नसतील, किंवा लोकसभेसाठी पात्र नसेल, तर राष्ट्रपतिपदासाठी पात्र नाही. अपात्र ठरायला तिन्ही अटी मोडाव्या लागत नाहीत, एक मोडली तरी पुरते. परीक्षक ‘आणि’ तसाच ठेवलेला पर्याय हमखास देतात.

कायद्याच्या विभागातले दुसरे उदाहरण भारतीय संविदा अधिनियम, १८७२ मधले. कलम २५ नुसार प्रतिफल (मोबदला) नसलेला करार काही ठरावीक अपवाद वगळता शून्य, म्हणजे कायद्याने निरर्थक, असतो. जवळच्या नातलगांमध्ये नैसर्गिक प्रेमापोटी झालेला, लेखी आणि नोंदणीकृत करार हा त्यांतला एक अपवाद. ‘प्रतिफल आहे, म्हणजे करार वैध,’ हे उत्तर मुले झटकन देतात. १९०३ च्या मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात अल्पवयीन मुलाने मालमत्ता गहाण ठेवून कर्ज घेतले होते. प्रतिफल होते, तरी प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, अल्पवयीनाचा करार शून्यच ठरवला. प्रतिफल लागते, पण पुरत नाही. क्लॅट देणाऱ्यांनी इथे एक सावधगिरी घ्यावी: उताऱ्यात दिलेला नियम आपल्या माहितीतल्या कायद्यापेक्षा वेगळा असला, तरी उत्तर उताऱ्यातल्या नियमावरूनच द्यायचे असते.

एक प्रश्न पूर्ण सोडवून

उतारा असा समजा. ‘अभ्यासिकेत रात्री बसण्याची परवानगी फक्त सदस्यांनाच मिळते. अनामत भरल्याशिवाय कोणालाही सदस्यत्व मिळत नाही. ज्याच्याकडे मुदत संपलेले पुस्तक आहे, त्याला रात्री बसण्याची परवानगी मिळत नाही.’ यावरून कोणते विधान खरे असलेच पाहिजे?

(अ) ज्याने अनामत भरली आहे आणि ज्याच्याकडे मुदत संपलेले पुस्तक नाही, त्याला रात्री बसण्याची परवानगी मिळते.
(आ) ज्याला रात्री बसण्याची परवानगी आहे, त्याने अनामत भरली आहे.
(इ) ज्याच्याकडे मुदत संपलेले पुस्तक आहे, तो सदस्य नाही.
(ई) ज्याने अनामत भरलेली नाही, त्याच्याकडे मुदत संपलेले पुस्तक आहे.

पर्याय झाकून आधी बाण. ‘सदस्यांनाच’मधला ‘च’ सांगतो की परवानगीला सदस्यत्व लागते: परवानगी → सदस्य. ‘भरल्याशिवाय नाही’ सांगते की सदस्यत्वाला अनामत लागते: सदस्य → अनामत. तिसऱ्या वाक्यात मुदत संपलेले पुस्तक परवानगी नाकारायला पुरते. त्याचा उलटा नकार केला की परवानगी → मुदत संपलेले पुस्तक नाही. पहिले दोन बाण जोडले की साखळी मिळते: परवानगी → सदस्य → अनामत. (आ) हे त्या साखळीचे पहिले आणि शेवटचे टोक आहे, म्हणून ते उत्तर.

एवढ्यावर थांबू नये. चुकीचे तीन पर्याय का चुकीचे, हे लिहिण्यात खरा अभ्यास आहे. (अ) सर्वांत मोहक आहे, कारण त्यात उताऱ्यातल्या दोन्ही अटी पूर्ण झालेल्या दिसतात. पण त्या लागणाऱ्या अटी आहेत, पुरणाऱ्या नाहीत. अनामत भरूनही अर्ज नामंजूर झालेला माणूस हा इथला लोखंडाचा गोळा. (इ) मध्ये पुस्तकावरून परवानगी नाही इथपर्यंत बरोबर आले, पण तिथून पुढे जायला वाट नाही: परवानगी नसलेल्याच्या सदस्यत्वाविषयी उतारा काही बोलत नाही. (ई) तर दोन वेगळ्या वाटांना ओढून एकत्र बांधतो. तासगावच्या एका विद्यार्थिनीने असे चाळीस प्रश्न लिहून काढले, आणि तिचे म्हणणे असे की, बाण काढायला ती पंधराव्या प्रश्नापर्यंत शिकली, पण मोहक पर्याय लांबून ओळखायला पुढचे पंचवीस लागले.

वहीत तीन रकाने ठेवावेत: मूळ वाक्य, बाण, आणि निवडलेला चुकीचा पर्याय कोणत्या गोळ्याने पडतो. एका बैठकीत सहा–सात प्रश्नांहून अधिक घेऊ नयेत. वेळ लावून सराव करणे पहिले दोन आठवडे पूर्णपणे बंद ठेवावे. वेग नंतर येतो, आणि चुकीच्या दिशेने आलेला वेग घालवायला दुप्पट कष्ट पडतात.

बाण कुठे काढू नयेत

उपाय गवसला की मुले प्रत्येक उताऱ्यावर बाणांची जाळी विणू लागतात. हे दुसरे टोक झाले. ‘काही’ आणि ‘बहुतेक’ असलेल्या वाक्यांना हा बाण लागू पडत नाही. ‘बहुतेक वकील पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम करतात’ असे वाक्य आले, तर त्याचा उलटा नकार निघत नाही. ‘काही’ मात्र दोन्ही बाजूंनी वाचता येते: काही सदस्य विद्यार्थी असतील, तर काही विद्यार्थी सदस्य असतातच.

मत मांडणाऱ्या उताऱ्यांतही बाण सांभाळून वापरावेत. समजा, लेखक म्हणतो की सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणून शेतकऱ्याला चांगला दर मिळेल. आणि प्रश्न विचारतो की लेखकाने काय गृहीत धरले आहे. इथेही ‘लागते–पुरते’ विचारावेच, पण प्रश्नाच्या शब्दांना उद्देशून. ‘कोणते गृहीतक आवश्यक आहे’ असे विचारले असेल, तर पर्याय नाकारून पाहावा: ‘मानांकनामुळे मिळणाऱ्या जादा पैशातला काहीही वाटा शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नाही’ असे म्हटल्यावर लेखकाचा निष्कर्ष कोसळतो का? कोसळतो, म्हणून काही वाटा पोहोचतो हे गृहीतक त्याला लागते. ‘कोणते विधान धरले तर निष्कर्ष निश्चित होतो’ असे विचारले असेल, तर पुरणारे विधान हवे: ‘मानांकन मिळालेल्या प्रत्येक पिकाला शेतकऱ्याच्या हाती चांगला दर मिळतो.’ हे विधान अतिशयोक्त वाटते, म्हणून मुले ते टाळतात. पुरणारे गृहीतक विचारले असताना पर्याय टोकाचा आहे म्हणून टाळू नये; लागणारे विचारले असताना टोकाच्या पर्यायावर संशय घ्यावा.

परीक्षेत बसल्यावर

परीक्षागृहात बाण पूर्ण शब्दांत लिहायला वेळ नसतो. प्रत्येक गोष्टीचे एक अक्षर घ्यावे आणि नकाराला अक्षरावर आडवी रेघ मारावी. पाच विधानांचा उतारा कच्च्या कागदावर दोन ओळींत मावतो. दोन मिनिटे होऊनही दोन पर्यायांत अडकलेच, तर त्या दोघांतून एक निवडून पुढे जावे: क्लॅटमध्ये बरोबर आल्यास एक गुण मिळतो, चुकल्यास पाव जातो, त्यामुळे निम्म्या शक्यतेवर सोडून देण्यापेक्षा उत्तर देणे सरासरीने फायद्याचे पडते. विधी सीईटीत तर कोरा प्रश्न ठेवण्याला काही कारणच नाही. दोनमधला कोणता निवडावा असा प्रश्न पडला, तर ज्या पर्यायात उताऱ्यातली लागणारी अट पुरणारी म्हणून मांडलेली आहे तो आधी खोडावा.